बर्फ उतरेपर्यंत

रविवार, ८ ऑक्टोबर १९३३

ज्या कागदावर 'गुप्त' असा शिक्का आहे, तो वाचणाऱ्याचा गुन्हा मोठा की शिक्का मारणाऱ्याचा? मला उत्तर येत नाही. कागद मात्र मी आज तीनदा वाचला.

रावजीदादाने तो आणला. रावजीदादा बंदर कचेरीत कारकून आहे, मूळचा मालगुंडचा, माझ्या लवूदादाचा शाळेपासूनचा सोबती. दुपारी बाबा पडवीत झोपले होते तेव्हा आला आणि मिटलेल्या छत्रीतून कागदांची गुंडाळी काढली. मे महिन्यातल्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल. इंग्रजीतला, रावजीदादाने स्वतःच्या हाताने नक्कल केलेला.

त्या दिवसाविषयी मी या वहीत आजवर एक अक्षर लिहिलेले नाही. आज लिहिते. हंगाम संपत आला होता. मुंबईची आगबोट नेहमीसारखी खोल पाण्यात उभी राहिली आणि माणसे पडावांतून किनाऱ्याला येऊ लागली. दुसरा पडाव बंदराच्या तोंडाशी उलटला. अकरा माणसे गेली. त्यांत लवूदादा होता. मुंबईच्या गोदीत राबून त्याने मला बी.ए. केले. मी मुलींच्या शाळेत बाई झाले, ती शाळा बघायला येत होता.

वादळाची तार आली की कचेरीच्या काठीवर बावटा चढतो. बावटा दिसला की आगबोट थांबत नाही, पुढे आसऱ्याच्या बंदराला जाते. त्या दिवशी काठी रिकामी होती. सरकारी पत्रक निघाले की तार उशिरा आली, आणि पडावाचा तांडेल काशीराम याने हावेपोटी जास्त माणसे भरली. काशीरामची सनद गेली. तेव्हापासून त्याला कोणी होडीत घेत नाही.

अहवालात निराळेच आहे. काशीरामने दोनदा नाही म्हटले होते. सनद काढून घेऊ, असा दम मिळाल्यावर तो निघाला. तार सकाळी दहालाच आली होती. बोट आली एकला. मधल्या तीन तासांबद्दल अहवाल म्हणतो, 'काही अपरिहार्य कारणाने विलंब झाला.'

मी विचारले, "कसलं अपरिहार्य कारण?"

रावजीदादाने खिशातून आणखी एक कपटा काढला. तारेला टाचलेल्या, बंदर कचेरीच्या साहेबांच्या चिठ्ठीची नक्कल. अहवाल वर पाठवताना मूळ चिठ्ठी साहेबांनी काढून आपल्या खणात ठेवली. तीत एकच ओळ आहे. मी तिचे मराठी केले: 'बर्फ उतरेपर्यंत बावटा चढवू नये.'

जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना निरोपाची मेजवानी होती. मुंबईहून भुशात बांधलेला बर्फ येत होता. बोट पुढे गेली असती तर तो वितळला असता. पहिल्या पडावातून बर्फ उतरला.

रावजीदादा म्हणाला, "ही चिठ्ठी साहेबानं लिहिली नि मी वाचली. तिसऱ्या माणसाला ठाऊक नाय. लवूच्या बहिणीला कळावं म्हणून दाखवली, छापू नको. अहवालाच्या नकला चार कचेऱ्यांत गेल्यात, तो कुठूनही फुटला असं म्हणता येईल. तेवढा छाप. काशीरामचं नाव धुऊन निघालं की झालं."

त्याने पिशवीतून नारळ काढला. भगवतीपुढे ठेवायला नेत होता. म्हणाला, हात ठेव. तर्कशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली मी, पण ठेवला. चिठ्ठी छापणार नाही, असे म्हटले.

तो गेल्यावर लक्षात आले. बावट्याच्या पेटीची किल्ली रावजीदादाच्याच कमरेला असते. हे इथे का लिहिते आहे, ठाऊक नाही.


सोमवार, ९ ऑक्टोबर

वर्गात भूमितीचा सिद्धांत मधेच विसरले. डोळ्यांपुढे काचेचे पेले येतात आणि पेल्यांत बर्फ वाजतो. मेजवानी झाली का त्या दिवशी? कोणाला विचारू? झाली असणार. बर्फ आला होता ना.

मला तो साहेब बंदरावर भर दिवसा खाली मान घालून चालताना बघायचा आहे. यात न्याय किती आणि सूड किती, ते मी वेगळे करून पाहिले. वेगळे होत नाही.


बुधवार, ११ ऑक्टोबर

संध्याकाळी छापखान्यात. 'बंदरवार्ता' साप्ताहिकाची मुद्रिते मी दोन वर्षे तपासते आहे, हल्ली अग्रलेखही लिहिते. छापखाना आनंदीबाईंचा. यजमान वारल्यावर सगळे म्हणाले, यंत्र विका. त्यांनी यंत्र ठेवले आणि म्हणणाऱ्यांना विकत अंक घ्यायला लावले.

अहवाल त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. चिठ्ठीही मी दाखवली. न दाखवता राहवले नाही.

"अगो, हे कुणी दिलं ते मला सांगू नको," त्या म्हणाल्या. "फौजदारानं विचारलं तर मला खरंच ठाऊक नसलेलं बरं. खोटं बोलताना मला खोकला येतो."

"छापायचं ना?"

"अहवाल छापायचा. गोषवारा करून, तुझ्या शब्दांत. सरकारी गुपितांचा कायदा आहे, दहा वर्षं झाली त्याला. देणाराही अडकतो आणि घेणाराही. माझ्याकडून जामीन मागतील, यंत्राला टाळं ठोकतील. ते माझं मी बघेन. पण ही चिठ्ठी नाही."

"आनंदीबाई, अपराध चिठ्ठीतच आहे. अहवालात नुसता विलंब आहे. विलंबाला कोणी फाशी देतं का?"

"फाशी देणारी तू कोण? ही चिठ्ठी किती जणांनी पाहिलीय?"

मी चिठ्ठीची घडी घातली.

"मग झालं तर. आणून देणाऱ्याची मान आधी. उरलेलं खरं मागाहून छापता येतं. मान मागाहून लावता येत नाही."

मला राग आला. सत्य अर्धे छापायचे असेल तर ते दडवणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय? हे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "दिव्याची काच पुस, दिसत नाही."


गुरुवार, १२ ऑक्टोबर

जूनमधला माझा लेख काढून वाचला. 'तांडेलाची हाव' हा मथळा माझाच. सरकारी पत्रक कचेरीच्या शिपायाने छापखान्यात आणून दिले होते, राजरोस, पाकिटात घालून. मी त्यातला एकही शब्द तपासला नाही. काशीरामला 'अकरा जिवांचा मारेकरी' म्हटले. ते लिहिल्यावर मला पहिल्यांदा झोप लागली होती, हेही आठवते.

सरकारने उघड हाती दिले ते खोटे होते, आणि दडवले ते खरे. मग 'गुप्त' या शिक्क्याचा मान मी का राखायचा?

काशीरामकडे जायला हवे. उद्या नको. अंक निघू दे.


शुक्रवार, १३ ऑक्टोबर

राजापूरला गंगा आली म्हणून आनंदीबाई सकाळीच बहिणीबरोबर स्नानाला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "पाने तू बंद कर. गोषवारा चांगला उतरलाय." खरेच चांगला उतरला होता. काशीरामने दोनदा नकार दिला, त्याला दम दिला गेला, तार दहालाच आली होती, सगळे आले. वाचणाऱ्याला काशीराम निर्दोष आहे हे स्वच्छ कळत होते.

बाळा कंपोझिटर तीस वर्षे खिळे जुळवतो. आमच्याकडे रीत अशी की मुद्रितावर माझी लाल खूण असली की तो मजकूर जातो. बाळा अर्थ वाचत नाही. म्हणतो, अर्थ वाचला तर अक्षर चुकतं.

संध्याकाळी पाने बांधताना तो म्हणाला, "बाई, पहिल्या पानावर तळाला जागा राहिली. काय घालू? काकड आरतीची वेळ घालू?"

जागा राहिली नसती तर काय केले असते, माहीत नाही. राहिली, एवढे खरे. मी कागद घेतला आणि लिहिले: 'तारेवरील साहेबांचा शेरा: बर्फ उतरेपर्यंत बावटा चढवू नये.' लाल खूण केली.

बाळाने खिळे जुळवले. "जाड टाईप लावू?"

"लाव," मी म्हटले.

नारळावर हात ठेवून मी कबूल केले होते ते एवढेच की रावजीदादाचे नाव कोणाला सांगणार नाही. ते मी सांगितलेले नाही, सांगणारही नाही. मन अगदी शांत आहे.


शनिवार, १४ ऑक्टोबर

अंक दहा वाजता संपला. अकराला पुन्हा छापायला घेतला. मच्छीबाजारात एक जण अंक मोठ्याने वाचत होता आणि भोवती साठ-सत्तर माणसे. 'बर्फ' या शब्दावर एक बाई थुंकली. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

चारच्या सुमारास साहेब गाडीतून बंदराकडे गेले. कोणीतरी ओरडले, "साहेब, गारेगार!" मग सगळा रस्ताच ओरडू लागला. साहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मी दुकानाच्या फळीआडून पाहिले. लवूदादा, मी पाहिले.

घरी येऊन बाबांना अंक वाचून दाखवला. बाबांनी चाळीस वर्षे गलबतावर काढली. मे महिन्यापासून बंदराकडे फिरकले नाहीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"ही चिठ्ठी कुणी दिली तुला?"

"ते सांगायचं नसतं, बाबा."

"मला कशाला सांगतंस? साहेबाला कळलंच असंल."

मग उठून तुळशीला पाणी घालायला गेले. एक शब्द शाबासकीचा नाही.


रविवार, १५ ऑक्टोबर

रावजीदादाला काल संध्याकाळीच धरले. घराची झडती घेतली, तांदळाचे पिंप रिकामे केले, देव्हारासुद्धा हलवला. काही सापडले नाही. पण सापडायला कशाला हवे? साहेब म्हणाले, चिठ्ठी दोघांनीच पाहिली, आणि मी काही वर्तमानपत्राला दिली नाही.

नक्कल मी चुलीत घातली.


सोमवार, १६ ऑक्टोबर

आनंदीबाई राजापूरहून आल्या त्या थेट आमच्या घरी. बाहेर उभ्या राहूनच बोलल्या.

"जामीन मागितलाय. टाळं लागेल उद्या. त्याचं मला काही नाही."

"माझी चूक..."

"चूक म्हणू नको. चूक बाळाकडून होते, खिळा उलटा लागतो. तू जाड टाईप लावलास." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगो मालन, त्या साहेबाला मारायला उचललेला धोंडा तुला दिसला, धोंड्याखाली कोण उभं होतं ते कसं दिसलं नाही? शिकलेली ना तू?"

दिसले होते की नाही? हे मी आज स्वतःला प्रामाणिकपणे विचारले. ८ तारखेचे पान उघडून वाचले. त्यात मी स्वच्छ लिहिले आहे, 'चिठ्ठी छापणार नाही, असे म्हटले.' १३ तारखेला काहीतरी निराळेच लिहिले आहे. दोन्ही अक्षरे माझीच.


गुरुवार, १९ ऑक्टोबर

दिवाळी. आमच्याकडे सुतक धरले नाही तरी फराळ नाही.

काशीरामकडे गेले. होडी उपडी घालून तिच्या सावलीत जाळे विणत होता. मी जूनच्या लेखाबद्दल क्षमा मागितली. लिहूनही आणली होती, छापायला छापखाना नाही म्हणून हातातच दिली. त्याला वाचता येत नाही.

"काय हाय यात?"

"तुम्ही निर्दोष होतात, आणि मी खोटं लिहिलं, असं आहे."

"ते मला ठाऊक होतं गो." त्याने कागद नीट घडी करून टोपीत ठेवला. "रावजी माझ्यासाठी गेला आत. मी त्याला म्हटलेलं नव्हतं. दर आठवड्याला यायचा, म्हणायचा, काशीराम, तुझी सनद परत आणतो. आता बघ, लोक मला रामराम करायला लागलेत. रावजीच्या बायकोला करत नायत, पोलिसाला भिऊन."

"साहेबाला मात्र आता..."

"साहेब कालच्या बोटीनं गेला. रजा मिळाली, विलायतेला जाणार. मीच पाहिला. चांगला हसत होता की."

गेला. आणि मी शाळेत दिवाळीची सुट्टी जाहीर होताना मुलींना ओळीत उभे करत होते. मला वाटले होते, निदान जाताना मी समोर असेन.


शनिवार, २१ ऑक्टोबर

आज रावजीदादाची बायको सगुणावहिनी आली. पाचवा महिना आहे. मला वाटले होते शिव्या देईल. ती पायरीवर बसली आणि पाणी मागितले.

"मालनवन्स, एक विचारायला आले. तुमचा भाऊ पाण्यातून कुणी काढला, ते कधी विचारलंत?"

"खलाशांनी काढला म्हणून सांगितलं होतं."

"खलाशी पार पलीकडं होते. ह्यांनी काढला. कचेरीतून धावत गेले, कोटासकट उडी टाकली. पोहता नीट येत नाय ह्यांना. त्या रात्रीपासून किल्लीच्या जुडग्याकडे बघत बसायचे. मी म्हणायची, टाकून द्या ती नोकरी. तर म्हणायचे, तार माझ्या हातात होती नि किल्ली माझ्या कमरेला. साहेबानं नको लिहिलं नि मी नको ऐकलं. आता कागद तरी बाहेर काढतो." तिने पाण्याचा घोट घेतला. "हे तुम्हाला म्हाईत होतं?"

किल्लीचे माहीत होते. बाकीचे नव्हते.

"वकील म्हणतो, दोन वर्षं. नोकरी तर गेलीच." पाण्याचे भांडे तिने पालथे घालून ठेवले. "मी रडायला आले नाय. तुमच्याकडे अक्कल हाय, लिहिता येतं. लिहून एक माणूस आत घालता येतो, तर बाहेर काढता येत नाय काय, तेवढं सांगा."

मी पालथे भांडे उचलून आत नेले.

ती गेल्यावर मी ते लिहायला बसले जे ८ तारखेला लिहिताना थांबले होते. मला रावजीदादाचाही राग होता. पेटी उघडून त्याने बावटा ओढला असता तर लवूदादा आज घरी असता. हे मला पहिल्या दिवशीच वाटले होते, आणि लाल खूण करताना ते माझ्या हाताशी होते. साहेबावर झाडायची गोळी वाटेत कोणाला लागणार, हे मला कळत नव्हते असे नाही. लागली तर लागो, असे वाटत होते.

लिहिले. आता पुन्हा वाचणार नाही.


मंगळवार, २४ ऑक्टोबर

झालेले तेवढे लिहिते.

सकाळी शाळेच्या मुख्य बाईंकडे राजीनामा दिला. शाळेला त्रास नको. त्या रडल्या. मला रडू आले नाही.

तिथून बाबांकडे येऊन सांगितले, काय करणार आहे ते. बाबा म्हणाले, "तू खोटं बोलणार? तू?"

"हो."

"शपथेवर?"

"हो बाबा."

त्यांनी कोनाड्यातली काठी घेतली, पायांत वहाणा घातल्या. "चल. बंदरावरनं जाऊ. तीच वाट जवळची." पाच महिन्यांनी बाबा त्या वाटेने चालले.

फौजदाराने आधी बसायला सांगितले, मग उठायला सांगितले, मग पुन्हा बसायला सांगितले. मी जबाब दिला तो असा. गणपतीनंतर भावाची ट्रंक सोडवायला मी बंदर कचेरीत गेले होते. रावजी पावतीचे पुस्तक आणायला आतल्या खोलीत गेला. साहेबांच्या टेबलावर अहवाल उघडा होता. त्यांच्या खणाला किल्ली तशीच होती. मी खण उघडला, चिठ्ठी वाचली, उतरून घेतली. रावजीला यातले काही ठाऊक नाही. छापखान्याच्या मालकीणबाईंनाही नाही, त्या राजापूरला होत्या. छापले मी.

ट्रंक आणायला गेले होते, आणि छापले मी, एवढे खरे.

"बाई, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" फौजदार म्हणाला.

"मी शिकलेलीच आहे."

"अहो, तुरुंगात जाल. कायदा वाचलाय का?"

"वाचलाय. म्हणूनच सांगते, साहेबांना साक्षीला बोलवावं लागेल. चिठ्ठी त्यांच्या खणात होती की नव्हती, हे तेच सांगू शकतात. नव्हती म्हणाले, तर मी काय चोरलं? आणि होती म्हणाले, तर कशाला दडवली?"

त्याने टाक खाली ठेवला. शेजारच्या हवालदाराने खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर बाबा काठीवर हात ठेवून उभे होते.

खोटे बोलताना मला खोकला आला नाही. आनंदीबाईंना हे सांगायला हवे. त्यांचे यंत्र मात्र मी सोडवू शकत नाही.

साहेबाबद्दलचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. तो विलायतेच्या बोटीवरून परत ओढून आणला जावा, उघड्या कोर्टात उभा राहावा, अशी माझी आजही इच्छा आहे. सगुणावहिनीचा वकील म्हणतो, दारे लावून खटला चालवतील. चालवू देत. सरकारी वकिलाला तरी ती ओळ त्याच्या तोंडावर वाचावी लागेल.

जबाब मोडीत लिहिला होता. मी म्हटले, वाचून दाखवा. फौजदाराने वाचला. एके ठिकाणी त्याने 'नजरचुकीने वाचली' असे घातले होते, माझ्यावर दया करून. मी ते खोडायला लावले आणि 'जाणूनबुजून' लिहायला लावले. मग सही केली.

आज उशीर झाला म्हणून घरी सोडले आहे, बाबांच्या हमीवर. उद्या सकाळी दहाला हजर व्हायचे आहे. माझ्या जबाबानंतर रावजीदादाला दुपारीच सोडले.